उत्कंठेचे ऋण

जे हाती आहे त्याहून जे अद्याप यावयाचे आहे त्यातच मनुष्याचे मन अधिक गुंतते, ही गोष्ट नीतिवेत्त्यांच्या ध्यानात फार पूर्वीच आलेली आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उद्याची वाट पाहत बसणे हाच जगण्यातील मोठा अडथळा होय, असे प्रतिपादन केले. उलट बेंथॅमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सुखांची जी यादी दिली, तीत अपेक्षेच्या सुखास स्वतंत्र स्थान दिले. या दोघांपैकी कोणाचे म्हणणे ग्राह्य धरावे, हा प्रश्न आजवर आमच्या वर्गात पाठ्यपुस्तकापुरता उपस्थित होई. अलीकडे तो घराघरांतून उपस्थित होऊ लागला आहे, आणि त्याचे निमित्त आहे अद्याप बाजारात न आलेले व्हिडिओ गेम.

ज्या घरी कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांस हे सांगावयास नको. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मालिकेतील पाचवा खेळ २०१३ साली निघाला. सहाव्याची पहिली चित्रफीत डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि एका दिवसात ती नऊ कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. खेळ २०२५ साली येईल असे प्रथम सांगण्यात आले. मग २६ मे २०२६ ही तारीख मिळाली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बदलून १९ नोव्हेंबर २०२६ अशी करण्यात आली. ज्या मुलास परीक्षेचे वेळापत्रक दोनदा विचारावे लागते, त्याच्या जिभेवर या तारखा असतात. हे पाहून वडील मंडळी कपाळास आठ्या घालतात. ही उत्कंठा निव्वळ पोरकट आहे, की तिच्यात काही अर्थ आहे? आणि अर्थ असल्यास कोणत्या खेळांची वाट पाहणे योग्य, व कोणत्या रीतीने? या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. आम्ही फावल्या वेळी हे खेळ खेळत आलो आहो. तेव्हा जे लिहीत आहो ते केवळ ऐकीव माहितीवर नव्हे.

प्रथम एक आक्षेप दूर केला पाहिजे. खेळ ही वस्तूच क्षुद्र, मग तिची वाट पाहणे हे दुप्पट क्षुद्र, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या समाजाने मोक्षपट खेळला, आणि जो खेळ परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला, त्या समाजास तरी हे म्हणणे शोभत नाही. पापाचे साप आणि पुण्याच्या शिड्या एका पटावर मांडून नीतीचा पाठ देता येतो, हे आपल्या पूर्वजांस कळले होते. हायझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली एक ग्रंथ लिहून क्रीडा ही संस्कृतीच्या मुळाशी असते, असे साधार दाखविले. राहता राहिली वाट पाहण्याची गोष्ट. १८९० साली 'करमणूक' पत्र सुरू झाले आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा पुढील अंकाची वाट पाहणारे वाचक पोरकट होते काय? १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे 'संयुक्त मानापमाना'त एकत्र उभे राहणार, ही वार्ता पसरताच रसिकांस जी ओढ लागली, तिला आजवर कोणी नावे ठेविली नाहीत. कलेची वाट पाहणे हे कलेच्या आस्वादाचेच पहिले पाऊल होय. म्हणून मुलांच्या उत्कंठेस केवळ ती उत्कंठा आहे म्हणून दोष देणे बरोबर होणार नाही.

परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. तो येथे सुरू होतो. उत्कंठा सदोष की निर्दोष, हे तिच्या विषयावरून जितके ठरते, त्याहून अधिक ती कोणाच्या बळावर पोसली जाते यावरून ठरते, असे आमचे मत आहे. आणि या मताचा पुरावा आम्हांस दूर शोधावा लागत नाही.

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान आंबेगाव तालुक्यातील कळंब हे गाव लागते. या आंबेगाव-जुन्नरच्या मुलखात येणाऱ्या खेळाची उत्कंठा हा काही मोबाइलने आणलेला नवा रोग नव्हे. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात, आणि यात्रा म्हटली की बैलगाडा शर्यत आलीच. घाट म्हणून जी चढाची धाव तयार केलेली असते, तीवरून बैल सुटतात, पुढे घोडी धावते, आणि अवघ्या काही सेकंदांत निकाल लागतो. या काही सेकंदांची वाट मंडळी वर्षभर पाहतात. ज्याच्या गोठ्यात शर्यतीचा बैल आहे, त्याची वाट पाहण्याची रीत मात्र घाटाच्या कडेला उभे राहणाऱ्या प्रेक्षकाहून अगदी निराळी असते. बैलास वेळच्या वेळी खुराक देणे, त्याला फिरविणे, पोहविणे, त्याचा पाय सुजला तर रात्री उठून पाहणे, हेच त्याचे वाट पाहणे. त्याची उत्कंठा कामात मुरलेली असते.

पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या शर्यती थांबल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यतींस वाट मोकळी झाली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तात्पुरती परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ एका मुलखाने आपल्या आवडत्या खेळाची वाट पाहिली. त्या काळात येथे पुष्कळ रोष व्यक्त झाला. आमचा पारंपरिक खेळ हिरावून घेतला, असे लोक म्हणत. आणि त्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु न्यायालयासमोर जो प्रश्न होता तो प्रेक्षकाच्या आनंदाचा नव्हता. त्या आनंदासाठी जो धावतो त्या मुक्या जनावराचा होता. चाबूक, काठी, विजेचा झटका देणारी साधने यांस आज नियमाने मनाई आहे, ती या प्रश्नामुळेच. परवानगीच्या नियमांचा हा जाच वाटत असेल, तर एवढे ध्यानात घ्यावे की, घाटाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची घाई बैलाच्या पाठीवर उमटते. वरून पाहणाऱ्यास ती दिसत नाही, एवढेच.

बैलगाड्याचे हे उदाहरण आम्ही घेतले ते उगाच नव्हे. व्हिडिओ गेमच्या बाबतीतही पडद्यापलीकडे कोणीतरी जू ओढीत असतो, आणि आपली घाई त्याच्या पाठीवर उमटते.

हे खेळ कसे तयार होतात याची पुष्कळांस कल्पना नसते. मोठ्या खेळामागे शेकडो, कधी हजारो माणसे कित्येक वर्षे राबतात. कोणी प्रणाली लिहितो, कोणी चित्रे काढतो, कोणी संगीत रचतो, कोणी संवाद लिहितो. आणि काहींचे काम एवढेच असते की, खेळ पुन्हा पुन्हा खेळून त्यातील दोष हुडकावयाचे. कादंबरीचे एक प्रकरण लांबले तर मागील प्रकरणे जागच्या जागी राहतात. येथे तसे नाही. एक भाग बदलला की दहा भागांवर परिणाम होतो. एका यंत्रावर नीट चालणारी गोष्ट दुसऱ्यावर अडखळते. त्यामुळे तारीख जाहीर करणारा स्वतःही पुष्कळदा ती खात्रीने जाणत नसतो. तारीख जवळ आली आणि काम उरले, तर दोनच मार्ग असतात. एक तर तारीख पुढे ढकलावयाची, नाही तर माणसांस अधिक राबवावयाचे. या दुसऱ्या प्रकारास त्या धंद्यात 'क्रंच' असे नाव आहे.

'सायबरपंक २०७७' या खेळाची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने तो २०१२ साली जाहीर केला. आठ वर्षे लोकांची उत्कंठा वाढत गेली. एप्रिल २०२०, मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर अशा तारखा टळल्या. सक्तीचे जादा काम लादणार नाही, असे कंपनीने पूर्वी सांगितले होते. तरी त्या वर्षीच्या सप्टेंबरात सहा दिवसांच्या आठवड्याचा हुकूम निघाला. तारीख आणखी एकदा पुढे गेली तेव्हा कित्येक चाहत्यांनी त्या कामगारांस जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. ज्या वस्तूवर आपले इतके प्रेम आहे तिच्याच कर्त्यास ठार मारण्याची भाषा करावी, यापरते उत्कंठेचे विकृत रूप कोणते? अखेर १० डिसेंबर २०२० रोजी खेळ आला. त्यापूर्वीच ऐंशी लाख लोकांनी त्याचे पैसे भरून ठेविले होते. जुन्या यंत्रांवर तो इतका सदोष चालला की, सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांस पैसे परत देऊ केले. येथे दोष कंपनीचा होता, हे निर्विवाद. परंतु ऐंशी लाख लोकांनी वस्तू न पाहता दिलेला पैसा आणि त्याबरोबर लावलेला तगादा यांचा त्यात काहीच वाटा नव्हता, असे आम्हांस म्हणवत नाही.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी टीम चेरी नावाची अगदी लहान मंडळी आहे. तिने 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' हा खेळ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला, आणि तो ४ सप्टेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. मध्ये साडेसहा वर्षे गेली. त्या काळात बहुतेक मौनच होते. जगभरचे चाहते थट्टा करीत, चिडत, पुन्हा आशा धरीत. खेळ निघण्याच्या सुमारास कर्त्यांस विलंबाचे कारण विचारले, तेव्हा त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, कोठे काही अडले नव्हते. काम करण्यात आम्हांस आनंद वाटत होता, म्हणून आम्ही ते करीत राहिलो. पहिल्या दिवशी इतकी झुंबड उडाली की ऑनलाइन दुकाने काही काळ कोलमडली. शिंपी जसे कापड निगुतीने बेततो, तसे बेतलेले ते काम आहे, हे खेळणारास तत्काळ जाणवते.

यावरून विलंब म्हणजेच गुण, असा अर्थ कोणी काढू नये. 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' हा खेळ १९९७ साली जाहीर झाला आणि २०११ साली निघाला. चौदा वर्षांच्या प्रतीक्षेअंती जे हाती आले त्याने बहुतेकांची निराशाच केली. भाकरी उशिरा आली म्हणून ती चांगली भाजली असेल असे नाही; परंतु तवा तापण्यापूर्वीच ताट वाजविणारास कच्ची भाकरी मिळाली, तर नवल नाही.

या सर्वांतून आम्हांस जे तत्त्व दिसते ते असे. उत्कंठा ही नुसती मनाची लहर नव्हे. ते एक प्रकारचे ऋण आहे. जो खेळ अद्याप नाही त्याच्याविषयी उत्सुक होणे म्हणजे त्याच्या कर्त्यास आपल्या विश्वासाची रक्कम उसनी देणे. व्यापाऱ्यांनी हे आपल्याआधी ओळखले. म्हणूनच वस्तू येण्यापूर्वी पैसे भरा, त्याबद्दल एखादे शोभेचे हत्यार किंवा पोशाख अधिक घ्या, असे आमिष ते दाखवितात. ऋण देणाराची जी कर्तव्ये आहेत तीच उत्कंठा बाळगणाराचीही आहेत. कोणास द्यावयाचे हे पारखून द्यावे. दिल्यावर घेणाराच्या छातीवर बसू नये. आणि वसुलीसाठी त्याच्या घरातील नोकरांस राबवून घेऊ नये. उत्सुकता मोकळ्या मनाने द्यावी, पैसा मात्र वस्तू पाहिल्यावर द्यावा. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये निघण्यापूर्वी एक कोटीहून अधिक लोकांनी त्यासाठी नावे नोंदविली होती. नाव नोंदविण्यास पैसा पडत नव्हता. उत्सुकता दाखविण्याची ही रीत आम्हांस आगाऊ पैसे भरण्याहून पुष्कळ निकोप वाटते.

या कसोटीवर कोणते आगामी खेळ उतरतात, हे आता सांगितले पाहिजे; कारण उदाहरणावाचून तत्त्व पांगळे असते.

पहिले नाव आम्ही 'लाइट नो फायर' याचे घेऊ. इंग्लंडमधील हेलो गेम्स या मंडळीने तो डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. एका आख्ख्या पृथ्वीएवढा प्रदेश निर्माण करावयाचा आणि सर्व खेळाडूंनी त्या एकाच पृथ्वीवर वावरावयाचे, अशी ती कल्पना आहे. कल्पना भव्य आहे, परंतु आमच्या विश्वासाचे कारण ती भव्यता नव्हे. याच मंडळीने २०१६ साली 'नो मॅन्स स्काय' हा खेळ काढला तेव्हा बोललेल्या पुष्कळ गोष्टी त्यात सापडल्या नाहीत, आणि लोकांनी त्यांस यथेच्छ शिव्या दिल्या. त्यांनी प्रतिवाद केला नाही. दुकानही बंद केले नाही. पुढे वर्षामागून वर्षे त्यांनी त्याच खेळात नवी भर घातली आणि तिच्याबद्दल ग्राहकांकडून एक पैसा घेतला नाही. बोललेले शब्द अखेर खरे करून दाखविले. जो कर्जदार एकदा चुकला आणि मग मुदलासह व्याज फेडून मोकळा झाला, त्यास पुन्हा उसने देण्यास आम्ही कचरत नाही.

दुसरे नाव आपल्या घरचे आहे. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओने 'मुक्ती' नावाचा खेळ जाहीर केला. भारतातील होतकरू मंडळींसाठी सोनीने जी योजना काढली तीत त्याची निवड झाली. त्यात तरवार नाही, बंदूक नाही. एका भारतीय वस्तुसंग्रहालयातून फिरता फिरता खेळाडूस एका कथेचा उलगडा करावयाचा आहे, आणि त्या कथेचा विषय माणसांचा चोरटा व्यापार हा आहे. इतका गंभीर विषय घेऊन लोकांस खेळावयास बोलाविणे हे धाडस आहे. या धाडसामागे एक पूर्वपीठिका आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीने 'राजी' हा खेळ २०२० साली प्रसिद्ध केला. भावाच्या शोधार्थ निघालेली एक मुलगी, तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू, आणि छाया-बाहुल्यांतून उलगडणारे प्रसंग, असे त्याचे स्वरूप आहे. २०१७ साली लोकवर्गणीने पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी काम सोडले नाही. त्या वर्षी आपण पुणेकरांनी त्यांची वाट पाहिली असती, तर तो प्रयत्न कदाचित फसताही ना. परदेशी खेळाच्या चित्रफितीस कोट्यवधी डोळे मिळतात आणि घरच्या कर्त्यास वर्गणी मिळत नाही, ही गोष्ट आमच्या मनास लागते. उत्कंठा हे जर ऋण असेल, तर ते ज्यास खरी गरज आहे त्यास देण्यातच त्याचे सार्थक आहे.

तिसरे नाव 'द विचर ४' याचे. हे वर ज्यांची निंदा केली त्याच सीडी प्रोजेक्टचे काम. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची पहिली चित्रफीत आली, आणि आता कथेची नायिका सिरी असणार हे कळले. २०२६ संपण्यापूर्वी हा खेळ येणार नाही, असे कंपनीने २०२५ साली आपण होऊन सांगून टाकले. 'सायबरपंक'ही त्यांनी तसाच सोडून दिला नाही. तीन वर्षे दुरुस्त करीत नेऊन २०२३ साली जोडखंडासह तो वाखाणण्याजोगा केला. तेव्हा उत्सुकता आहे, परंतु सावध आहे. येथे आमचा हात खिशाकडे जाणार नाही. कानच तेवढे टवकारलेले राहतील.

'द एज ऑफ भारत' या खेळाविषयीही आम्हांस विचारले जाते. अमीश त्रिपाठी आणि अमिताभ बच्चन यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत, आणि प्राचीन भारताच्या पुराणकथांवर तो बेतलेला आहे. नावांच्या वलयाने खेळ चांगला होत नाही, आणि पुराणांच्या आधारानेही होत नाही. आम्ही त्यास शुभेच्छा देऊन थांबतो. मत देण्यास तूर्त आधार नाही.

राहिला तो 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा सहावा भाग, ज्यापासून आम्ही आरंभ केला. त्याच्या कर्त्यांचे कसब असामान्य आहे, याविषयी दुमत नाही. ही मालिका प्रौढांकरिता आहे, लहान मुलांच्या हाती देण्याजोगी नाही, हे आईबापांनी विसरू नये. परंतु आमचा संकोच वेगळ्या कारणाने आहे. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस रॉकस्टार कंपनीने तीसहून अधिक कामगारांस कामावरून काढले. ते संघटना बांधीत होते म्हणून त्यांस काढले, असे कामगार संघटनेचे म्हणणे. त्यांनी गुप्त माहिती बाहेर फोडली, असे कंपनीचे म्हणणे. दुरून निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत तारीख पुढे गेल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या ओळखीच्या तरुणांत तारखेवरून जितकी हळहळ ऐकू आली, तितकी त्या तीस माणसांवरून ऐकू आली नाही. हेच आम्हांस खटकते. घाटाच्या कडेला उभे राहून घड्याळाकडे पाहावे आणि बैलाकडे पाहू नये, असा हा प्रकार आहे.

यावर एक चतुर आक्षेप संभवतो. कोणी म्हणेल, एकट्यादुकट्या खेळाडूच्या उत्कंठेने किंवा संयमाने त्या परदेशी कंपनीस काय होणार? कळंबातील एका मुलाने आगाऊ पैसे भरले नाहीत, म्हणून पोलंडमधील कामगारास रविवारची सुट्टी मिळणार आहे काय? हिशेबाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. परंतु ऐंशी लाख माणसे ही अशा एकेकट्या मुलांचीच बनलेली होती, आणि त्या प्रत्येकास हाच हिशेब सांगता आला असता. शिवाय, परिणाम झाला नाही तरी वाट पाहणाराच्या स्वतःच्या मनावर जो संस्कार व्हावयाचा तो होतोच. जो मुलगा तारीख टळल्यावर 'बरे झाले, त्यांस काम नीट करू द्या' असे म्हणावयास शिकतो, तो उद्या गवंड्याशी, शिंप्याशी, आणि कदाचित आपल्या हाताखालच्या माणसांशीही तसाच वागेल. उतावळेपणाची सवय एका ठिकाणी लागली की ती सगळीकडे पसरते. धीराचेही तसेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. गीतेने फळाची आशा सोडावयास सांगितले असता आपण उत्कंठेचे समर्थन कसे करता? आमच्या समजुतीप्रमाणे तेथे निषेध आहे तो फळावर हक्क सांगण्याचा. फळ गोड असते हे जाणण्याचा नव्हे. पेरणारा शेतकरी पिकाची वाट पाहतोच. रोप ओढून ते लवकर वाढविण्याचा यत्न तो करीत नाही, यातच त्याचे शहाणपण असते. सेनेका आणि बेंथॅम यांच्या वादाचा निवाडाही येथेच लागतो. आजचे काम टाकून उद्याकडे डोळे लावणारी प्रतीक्षा सेनेकाच्या निषेधास पात्र आहे. आजच्या कामात गोडी भरणारी प्रतीक्षा बेंथॅमच्या यादीत सुखाने बसेल. आणि बेंथॅमच्या हिशेबातून जी गोष्ट सहज निसटते ती आम्ही पुन्हा सांगतो: ते सुख कोणाच्या श्रमावर उभे आहे, हे पाहिल्यावाचून त्याची किंमत ठरत नाही.

तेव्हा वडील मंडळींस आमचे एवढेच सांगणे आहे. मुलाने येणाऱ्या खेळाची गोष्ट काढली, तर त्यास झिडकारू नका, आणि केवळ कौतुक करून मोकळेही होऊ नका. तो खेळ कोण करीत आहेत, किती माणसे करीत आहेत, त्यांनी पूर्वी दिलेला शब्द पाळला होता काय, आणि तो खेळ येईपर्यंत तू काय करणार आहेस, असे त्यास विचारा. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना त्यास माणसे दिसू लागतील. चौथ्याचे उत्तर त्याचे त्यालाच द्यावे लागेल. कदाचित तो चित्र काढावयास बसेल, कदाचित एखादा लहानसा खेळ स्वतः रचून पाहील, कदाचित केवळ अभ्यास करील. यांपैकी काहीही झाले तरी त्याची उत्कंठा कामाला लागली असे समजावे, आणि मग खेळ वर्षभर उशिरा आला तरी त्याचे फारसे नुकसान झाले असे होणार नाही.